गांधीजी, कस्तुरबा आणि शेळीचं दूध



हल्ली आपल्या बऱ्याच घरांत एक नवा वाद ऐकू येतो. पुण्याला, बंगळूरला शिकायला गेलेली मुलं सुट्टीत घरी येतात आणि दूध, दही, तूप काहीच नको म्हणतात. आम्ही व्हीगन झालो, असं सांगतात. आजीला मांस-मासे सोडणं समजतं, पण दुधात कसली आली हिंसा, हे काही केल्या पटत नाही. मग चहावरून सुरू झालेलं बोलणं पंचामृतापर्यंत जातं आणि दोन्हीकडची मनं दुखावतात.

आम्हाला वाटलं, या वादात कुणाची बाजू घेण्याआधी एका माणसाचं आयुष्य या एकाच अंगानं आपल्यापुढे ठेवावं. हा माणूस सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुधाच्या प्रश्नानं त्याला जवळजवळ आयुष्यभर छळलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हा माणूस म्हणजे महात्मा गांधी.

*बोकडाचं ओरडणं*

मोहनदास गांधी यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदरला, वैष्णव घरात झाला. आई पुतळीबाई व्रतवैकल्यं फार कडक पाळणाऱ्या. घरी जैन साधूंचंही येणं-जाणं असे. अशा घरातल्या या मुलानं राजकोटला शाळेत असताना एका मित्राच्या नादानं चोरून मांस खाल्लं. इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत आणि आपण खात नाही म्हणून गुलाम आहोत, असं त्या काळी पुष्कळ तरुणांना वाटायचं. पहिल्याच दिवशी बोकडाचं मांस खाऊन आल्यावर मोहनला रात्रभर झोप नाही. डोळा लागला की पोटात जिवंत बोकड ओरडतंय असं वाटून तो दचकून उठे. वर्षभरात पाच-सहा वेळा हा प्रकार झाला. शेवटी आईवडिलांशी खोटं बोलणं सहन होईना, म्हणून त्यानं ते सोडलं.

बघा, सोडलं ते प्राण्याच्या दयेनं नव्हे, खोट्याच्या भीतीनं. दया पुढे आली. माणूस एका दिवसात बदलत नाही, गांधीजीही बदलले नाहीत.

*व्रताचा अर्थ कुणाचा?*

सप्टेंबर 1888 मध्ये ते बॅरिस्टर व्हायला इंग्लंडला निघाले. आईची समजूत पटावी म्हणून बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंसमोर त्यांना तीन गोष्टींची शपथ दिली गेली: मद्य नाही, परस्त्री नाही, मांस नाही. लंडनला गेल्यावर सुरुवातीचे दिवस अर्धपोटी गेले. उकडलेल्या, बेचव भाज्या आणि पावाचे दोन-तीन तुकडे, बस. भटकता भटकता एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ सापडली. तिथेच हेन्री सॉल्ट यांचं शाकाहाराची बाजू मांडणारं पुस्तक त्यांनी विकत घेतलं. ते वाचल्यावर, आतापर्यंत केवळ आईच्या शब्दाखातर पाळलेली गोष्ट त्यांना स्वतःच्या बुद्धीनं पटली.

याच दिवसांत एक छोटी घटना घडली. ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अंडं हे मांस नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि गांधीजींनी थोडे दिवस अंडी खाऊन पाहिली. तिथल्या शाकाहारी मंडळींत मांस शब्दाच्या तीन व्याख्या चालायच्या. काहींच्या मते फक्त पशुपक्ष्यांचं मांस म्हणजे मांस. काही त्यात मासेही धरत. आणि काहींच्या मते प्राण्यापासून मिळणारं सगळंच त्यात येई, म्हणजे अंडीही आणि दूधही. पहिली व्याख्या धरली असती तर अंडी आणि मासे दोन्ही चालले असते. पण गांधीजींनी विचार केला की शपथ आईनं दिली, तेव्हा तिचा अर्थही आईच्या मनात होता तोच धरायचा. आईच्या मनात अंडं चालणारं नव्हतं. पंधरा दिवस व्हायच्या आतच त्यांनी अंडी सोडली.

शब्दात पळवाट सापडली तरी ती घ्यायची नाही, हा धडा त्यांनी ऐन विशीत घेतला. दूध मात्र तेव्हा सुटलं नाही. आईच्या शपथेत दूध नव्हतंच.

*टॉलस्टॉय फार्मवरचा निश्चय*

पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या मनात दुधाबद्दल दोन बाजूंनी शंका आली. एक, मुंबईचे जैन साधक श्रीमद् राजचंद्र यांच्याकडून त्यांनी ऐकलं होतं की दुधानं मनाचा संयम ढळतो. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी होती. कलकत्त्याहून त्यांच्याकडे काही पत्रकं आली. गवळी गाईम्हशींचं शेवटचं दूध काढण्यासाठी काय काय करतात, याची हकिगत त्यांत होती. त्यातला फुंकण्याचा प्रकार तर असा, की जनावराच्या जननमार्गात नळीनं हवा फुंकून त्याला पान्हा सोडायला लावायचं. हे सगळं विलायतेत नव्हे, आपल्याच देशात, गाईला माता म्हणणाऱ्यांच्या गोठ्यात चालत होतं.

जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर ते आणि त्यांचे जर्मन ज्यू मित्र हर्मन कॅलनबाख एकत्र राहत होते. ही अकराशे एकरांची जागा कॅलनबाख यांनीच सत्याग्रहींना राहायला दिली होती. 1912 मध्ये दोघांनी मिळून तिथे दूध सोडलं. पुढे धान्यही सोडून ते फळांवर आले. शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल एवढाच आहार. तरीही अंगमेहनत चालू होती. जोहान्सबर्ग वीस-एकवीस मैल दूर, तिथे पायी जाऊन यायचा फार्मवर प्रघातच होता. त्या काळात आपली प्रकृती उत्तम होती, असं गांधीजींनी पुढे आवर्जून नोंदवून ठेवलं आहे.

*गुरूचा शब्द की व्रत?*

ऑगस्ट 1914 मध्ये ते लंडनला पोचले तेव्हा पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. तिथे त्यांना छातीचं दुखणं जडलं, फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली. डॉ. जीवराज मेहतांनी दूध आणि धान्य घ्यायचा आग्रह धरला. ते ऐकेनात, तेव्हा गोष्ट नामदार गोखल्यांपर्यंत गेली.

गोपाळ कृष्ण गोखले म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे. गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानत. ते स्वतः तेव्हा आजारी होते, पण त्यांना गांधीजींच्या प्रकृतीची काळजी. डॉक्टर सांगतील ते घ्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. आपण गुरूला मानणारी माणसं आहोत, म्हणून इथे आपणही जरा थांबून विचार करावा. एकीकडे गुरूचा प्रेमाचा आग्रह, दुसरीकडे स्वतःच्या मनानं घेतलेलं व्रत. गांधीजींनी विचाराला एक दिवस मागून घेतला. रात्रभर विचार करून त्यांनी सांगितलं की बाकी सगळं डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे घेईन, पण दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस मात्र नको, मग त्यात देह गेला तरी चालेल. गोखल्यांना हे रुचलं नाही. तरीही त्यांनी पुढे जबरदस्ती केली नाही आणि त्यांचं प्रेमही तसूभर कमी झालं नाही. आमच्या मते मोठेपण इथे दोघांचंही आहे.

याच आजारपणातली एक गंमत सांगतो. एका हितचिंतक इंग्रज बाईंनी दुधाऐवजी घेता येईल अशी भुकटी पाठवली. यात दूध अजिबात नाही, अशी कुणीतरी त्यांना खात्री दिली होती. गांधीजींनी चमचाभर पाण्यात कालवून घेतली, तर चव दुधाची! बाटलीवरची चिठ्ठी वाचली, तेव्हा कळलं की ती दुधापासूनच केलेली होती. मग ती सुटली. आज बिस्किटाच्या पुड्यामागचे बारीक अक्षरातले घटक वाचत बसणाऱ्या आपल्या मुलांना हसू नका बरं का. त्यांच्या आधी गांधीजी तिथे जाऊन आले आहेत.

*बांनी काढलेली वाट*

1915 च्या जानेवारीत गांधीजी भारतात परतले. 1918 मध्ये ते गुजरातच्या खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरत होते. खाणं बहुतेक भाजलेल्या शेंगदाण्याचं आणि लिंबाचं. पोट बिघडलं. अशातच एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी त्यांच्यासाठी गव्हाची गोड लापशी केली, तूप चालत नाही म्हणून तेलातली, आणि सोबत मूग. गांधीजींनी मोह न आवरता पोटभर खाल्लं आणि तासाभरात आव उसळली. नडियादला त्यांची अवस्था इतकी वाईट झाली की आपण जात नाही, असं त्यांना वाटू लागलं. औषध नको, इंजेक्शन नको. महिनोन् महिने देह झिजत राहिला. हवापालटासाठी माथेरानला नेलं, तिथेही मानवलं नाही.

जानेवारी 1919 मध्ये मुंबईला डॉ. दलालांनी त्यांच्यावर मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली. डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय मी हा देह पुन्हा उभा करू शकत नाही. गांधीजींनी इंजेक्शनं घ्यायला होकार दिला, पण दुधाचं व्रत सांगितलं. डॉक्टरांनी व्रताचं कारण विचारलं. गांधीजींनी गाईम्हशींवरच्या त्या अत्याचाराची हकिगत सांगितली.

कस्तुरबा खाटेजवळच उभ्या होत्या. या बाई कशा होत्या, हेही आठवूया. आफ्रिकेत एकदा त्या मरणाच्या दारात असताना डॉक्टरांनी गोमांसाचं सूप द्यायचं म्हटलं, तेव्हा त्यांनी मरण पत्करीन पण ते घेणार नाही, असं ठाम सांगितलं होतं. पावसाच्या भुरभुरीत त्यांना तिथून हलवावं लागलं, पण त्या डगमगल्या नाहीत. व्रत म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या दिवशी समोर नवरा संपत चालला होता. त्या पटकन म्हणाल्या की कारण जर गाईम्हशींचं आहे, तर शेळीच्या दुधाला हरकत नसावी. डॉक्टरांनी तो धागा लगेच धरला.

आणि गांधीजी नमले. रौलट कायद्याविरुद्धचा लढा समोर दिसत होता, त्यासाठी जगायची ओढ लागली होती. शेळीचं दूध सुरू झालं. अंगात ताकद आली. 6 एप्रिल 1919 ला देशभर हरताळ पडला.

आता लंडनमधली ती अंड्याची गोष्ट आठवा. तेव्हा शब्दातली पळवाट नाकारणारा माणूस पन्नाशीला आला असताना त्याच पळवाटेतून गेला. हे दुसऱ्या कुणी त्यांना सुनावलं नाही, त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं. व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय आणि म्हैस होती हे खरं, पण दूध म्हणजे सगळंच दूध हाच त्याचा खरा अर्थ होता. आपण व्रताचं शरीर सांभाळलं आणि आत्मा मारला, अशा अर्थाची कबुली त्यांनी दिली. ही बोच शेवटपर्यंत गेली नाही.

*बेळगावपासून आगाखान पॅलेसपर्यंत*

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, की झालं, दुधावाचून चालत नाही हे सिद्ध झालं. गांधीजी तसं म्हणाले नाहीत. दूध निर्दोष आहे, असंही म्हणाले नाहीत. त्यांनी तीन गोष्टी केल्या.

पहिली, आधी दूध सोडा असं लिहिलं होतं, ते उघडपणे मागे घेतलं. आफ्रिकेत असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक लेखांत त्यांनी दुधाविरुद्ध लिहिलं होतं. ते वाचून अनेकांनी दूध सोडलं होतं. त्यांना गांधीजींनी कळवलं की अनुभवानं फायदा दिसत नसेल किंवा जाणत्या डॉक्टरांचा सल्ला नसेल, तर माझ्यावर विसंबून हा प्रयोग पुढे चालवू नका.

दुसरी, गोठ्याकडे लक्ष वळवलं. 1924 च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. बेळगावच्या आपल्या मंडळींना टिळकवाडीतली काँग्रेस विहीर माहीत आहेच. त्याच वेळी तिथे गोरक्षा परिषदही झाली आणि तिथेही गांधीजी बोलले. गोरक्षा म्हणजे कसायाशी भांडण नव्हे, आधी आपण स्वतः गाईला कसं वागवतो ते पाहणं, हा विचार ते 1909 पासून मांडत आले होते. वासराला उपाशी ठेवून दूध काढणं, बैलाला पराणी टोचणं, भाकड गाईला वाऱ्यावर सोडणं, ही हिंसा आपल्याच घरची आहे, असं ते सांगत. चामडं वापरायचंच तर आपोआप मेलेल्या जनावराचं वापरा, हा आग्रहही त्यांचाच.

तिसरी गोष्ट, शोध चालू ठेवला. 1929 मध्ये त्यांनी पुन्हा कच्च्या अन्नाचा प्रयोग केला, तोही फसला. 1931 च्या नोव्हेंबरात लंडनच्या शाकाहारी मंडळींपुढे ते बोलले, तेव्हा हेन्री सॉल्ट हजर होते. तिथे त्यांनी सांगितलं की शाकाहार नुसत्या तब्येतीच्या पायावर टिकत नाही, त्याला नीतीचा पाया लागतो. 1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. वनस्पतींच्या एवढ्या मोठ्या राज्यात दुधाची जागा घेणारं काहीतरी नक्की असणार आणि ते शास्त्रज्ञांनी शोधावं, ही आशा त्यात आहे. बांनी त्याच वास्तूत 22 फेब्रुवारी 1944 ला देह ठेवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीगन हा शब्द प्रचारात आणला. म्हणजे मुलं म्हणतात तो शब्द नंतरचा आहे, प्रश्न मात्र गांधीजींनी त्याआधी बत्तीस वर्षं अंगावर घेतला होता.

*आज काय बदललं?*

30 जानेवारी 1948 ला गांधीजी गेले. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी बी-12 जीवनसत्त्व वेगळं करून दाखवलं. हे जीवनसत्त्व प्राणी किंवा झाडं तयार करत नाहीत, सूक्ष्म जंतू करतात. आज गोळीतलं बी-12 अशाच जंतूंकडून कारखान्यात तयार करून घेतात. ज्याचा शोध गांधीजी वनस्पतीत घेत होते, त्यातला एक तुकडा असा भलतीकडेच सापडला. शिवाय हेही लक्षात घ्या, की गांधीजींनी तेव्हा डाळीही सोडल्या होत्या. आजच्या व्हीगन ताटात वरण, उसळी, सोयाबीन, तीळ, नाचणी सगळं असतं. त्यांच्या आजारावरून आजच्या ताटाचा निकाल लावता येणार नाही.

दुसरा बदल गोठ्यातला. 1998 पासून भारत जगात सर्वांत जास्त दूध काढणारा देश आहे. गंमत पाहा, ज्या खेडा जिल्ह्यात गांधीजी दुधावाचून झिजत पडले, त्याच जिल्ह्यातल्या आणंदला 1946 च्या डिसेंबरात दूध उत्पादकांचा तो प्रसिद्ध सहकारी संघ उभा राहिला. त्यानं लाखो शेतकरी घरांच्या, विशेषतः बायांच्या हातात रोजचा पैसा दिला, हे विसरून चालणार नाही. दूध सोडा म्हणताना त्या बाईच्या चुलीचाही विचार करावा लागतो.

पण दुसरी बाजूही आहे. गाय वासरू झाल्याशिवाय दूध देत नाही आणि जवळजवळ निम्मी वासरं नर असतात. पूर्वी त्यांचे बैल होत. आता शेतात ट्रॅक्टर आला. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या गोवंशातल्या नरांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी घटली आणि मोकाट गुरं 50 लाखांवर निघाली. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतही आपला देश जगात पुढे आहे. म्हणजे दुधाचा धंदा आणि मांसाचा धंदा आपण समजतो तितके लांब नाहीत.

तिसरी गोष्ट गांधीजींच्या काळात कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन वायू बाहेर पडतो आणि तो हवा तापवतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 2013 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी 14.5 टक्के पशुपालनाच्या साखळीतून येतात असं निघालं. चाऱ्याला लागणारं पाणी आणि जमीन वेगळीच. अवकाळी पाऊस आणि करपणारे उन्हाळे आपण सगळेच भोगतोय. मुलं दुधाबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या मनात ही भीतीही असते.

*आपण काय घ्यावं?*

आम्ही कुणाला दूध सोडा असं सांगत नाही, घ्याच असंही सांगत नाही. गांधीजींच्या या गोष्टीतून आम्हाला एवढंच दिसतं की जमलं नाही म्हणजे प्रश्न खोटा ठरत नाही. ते रोज शेळीचं दूध पीत राहिले, पण त्यात काही वावगं नाही असं त्यांनी स्वतःच्या मनाला कधी समजावलं नाही.

म्हणून घरात कुणी दूध सोडलं असेल तर त्याची थट्टा करू नका. त्याचं ताट नीट भरेल हे बघा. बी-12 ची गोळी डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वयस्क माणसं यांच्याबाबत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच बदलू नका. आणि मुलांनो, तुम्हीही आजीच्या वाटीतल्या दह्यावरून तिला पापी ठरवू नका. नैवेद्याचं काय करायचं ते घरात बसून, गोडीनं ठरवा. जी घरं दूध घेतात त्यांनी ते कुठून येतं, त्या गोठ्यातल्या वासरांचं काय होतं, भाकड जनावरं कुठे जातात, हे निदान एकदा दूधवाल्याला विचारावं. जमेल त्यांनी जवळच्या गोठ्यावर मुलांना घेऊन जावं आणि समक्ष बघून यावं. काय दिसलं ते आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर लिहा, वाचायला आम्हाला आवडेल.